भोंगा न वाजताही



अणुभट्टीच्या अपघातावरच्या परदेशी फिल्म आता आपल्या शिबिरांत दाखवतात. शहरातले मित्र सीडी आणतात, चादर बांधतात, जनरेटर लावतात. दाखवा, आमची ना नाही. पण फिल्म संपली की आपली पोरं एकच विचारतात, "आपल्याकडं असा अपघात होईल काय?" सरकारी साहेबाला हाच प्रश्न आवडतो. त्याचं उत्तर तयारच असतं, "होणार नाही, सगळी काळजी घेतलीय." झालं, सभा संपली.

आमचं म्हणणं असं की अपघात झाला नाही तरी आदिवासी मरतो. ते या फिल्मवाल्यांना दिसत नाही.

'द चायना सिंड्रोम' ही फिल्म घ्या. अमेरिकेत १६ मार्च १९७९ ला लागली. टीव्हीवाली बाई आणि तिचा कॅमेरावाला अणुभट्टीतली गडबड चोरून टिपतात, कंपनी ती दाबते. बारा दिवसांनी, २८ मार्चला, थ्री माईल आयलंडची भट्टी खरोखरच बिघडली. फिल्म जगभर गाजली. तिनं लोकांना जागं केलं, हे मान्य.

पण त्याच वर्षी १६ जुलैला अमेरिकेतच चर्च रॉक इथं युरेनियमच्या गाळाचा बांध फुटला. हजार टनांवर गाळ आणि सुमारे ३५ कोटी लिटर विषारी पाणी पुएर्को नदीत गेलं. थ्री माईल आयलंडला बाहेर पडला त्यापेक्षा जास्त किरणोत्सर्ग इथं सुटला. त्या नदीवर कोण होतं? नावाहो. तिथले आदिवासी, मेंढरं पाळणारे. मेंढरं त्याच नदीचं पाणी पीत. चर्च रॉकचं नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय?

आता आपल्या देशात या. झारखंडात सिंहभूमला जादुगोडा आहे. संथाळ, हो लोकांचा मुलूख. १९६७ पासून सरकारी कंपनी तिथं जमिनीखालून युरेनियमचा दगड काढते. एक टन दगडातून एक किलोसुद्धा युरेनियम निघत नाही. दगड दळायचा, तेजाबात घालायचा, पिवळी भुकटी काढून हैद्राबादला पाठवायची. उरलेला सगळा गाळ पाइपानं गावाशेजारच्या तळ्यात. किरणोत्सर्ग बहुतेक त्या गाळातच राहतो. उन्हाळ्यात तळं वाळतं, धूळ उडते, भातावर बसते, घरात येते. तिला वास नाही, रंग नाही. वाघाचा माग दिसतो, सापाची कात दिसते, याचं काहीच दिसत नाही. त्या गाळातलं रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. यात अपघात कुठं आहे? भोंगा कधी वाजला? हे रोजचं काम आहे.

तिसऱ्या तळ्यासाठी १९९६ साली चाटीकोचा गावात बुलडोझर घातला. घरं गेली, शेतं गेली. रोग नंतर येतो. जमीन आधी जाते.

हे दाखवणारी फिल्म आहे, श्रीप्रकाश यांची 'बुद्धा वीप्स इन जादुगोडा', १९९९ सालची. १९७४ ला पोखरणला स्फोट झाला तेव्हा 'बुद्ध हसला' म्हणाले. या फिल्मचं नाव सांगतं, तोच बुद्ध जादुगोड्यात रडतो. तिच्यात मोठे नट नाहीत. खाणीतले मजूर आहेत, आया आहेत, जन्मापासून अधू मुलं आहेत. कंपनी म्हणते, हे रोग किरणोत्सर्गाचे नाहीत, गरिबीचे आहेत. जव्हार-मोखाड्यात पोरं दगावली तेव्हा आपणही अशीच उत्तरं ऐकली. मोजणारा त्यांचा, डॉक्टर त्यांचा. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानं माहितीला कुलूप लावलं. सुप्रीम कोर्टात याचिका गेली, तीसुद्धा २००४ साली अणुऊर्जा आयोगाच्याच प्रतिज्ञापत्रावर निकालात काढली. ज्याच्यावर आरोप, त्याचाच दाखला!

कुणी म्हणेल, आपल्या डोंगरात युरेनियम नाही, आपल्याला काय त्याचं? अरे, तारापूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी गावं उठवली. तिथंही अपघात झाला नव्हता. कुणी म्हणेल, देशाला वीज नको काय? तारापूर १९६९ पासून वीज करतंय. वरच्या पाड्यांत आज किती घरांत कंदील लागतो, ते मोजून या, मग बोलू.

म्हणून शिबिर घेणाऱ्या साथींना आमची मागणी आहे. चायना सिंड्रोम दाखवा, पण त्याच रात्री जादुगोडा दाखवा, आणि तीच आधी दाखवा. प्रकल्पाचा साहेब चकचकीत माहितीपट घेऊन पाड्यावर आला तर "अपघात होईल का" असं विचारूच नका. विचारा:

दगड कुणाच्या डोंगरातून येणार?
गाळ कुणाच्या गावात पडणार, किती वर्षं?
पाणी, माती, माणसं कोण तपासणार, आणि तो कागद ग्रामसभेला मराठीत मिळणार काय?
जमीन कुणाची जाणार, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या प्लॉटवाल्याचं काय?

प्रश्न तोंडी ठेवू नका. ग्रामसभेच्या वहीत लिहा, खाली सह्या आणि अंगठे घ्या, पोच मागा. उत्तर लेखी येत नाही तोवर साहेबाच्या कुठल्याही कागदावर अंगठा उठवायचा नाही.

जिंदाबाद!