नंबर किती?

टेनिस खेळणाऱ्या मुलीला आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. ती "दोनशे ऐंशी" म्हणाली की समोरचा नुसतं "अच्छा..." म्हणतो आणि विषय बदलतो. सावर्ड्यात काय आणि पुण्यात काय, प्रतिक्रिया तीच! आज मला ह्या "अच्छा"बद्दल बोलायचंय.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. जगात मी कितवा प्रोग्रॅमर आहे हे कुणालाच ठाऊक नाही (आणि तेच बरं आहे :-)). दहा लाखावा असलो तरी एक तारखेला पगार जमा होतो. टेनिसमध्ये मात्र जगातली दोनशे ऐंशीवी खेळाडू बहुतेक वेळा पदरमोड करून खेळत असते.

हिशोबच बघा ना. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं एकूण बक्षीस १५,००० डॉलर. एकूण! पहिल्या फेरीत हरलेलीच्या हातात पडतात जेमतेम दीडशे. त्यात विमान, हॉटेल, खाणं, फिजिओ सगळं बसवा. कोचला बरोबर न्यायचं तर नावच नको. उलट २०२५च्या विम्बल्डनला एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणारीलाही ६६,००० पौंड मिळाले. ग्रँड स्लॅमच्या १२८ जागांपैकी १०४ थेट क्रमवारीवरून भरतात, बाकीच्यांसाठी पात्रता फेऱ्या नाहीतर वाइल्ड कार्ड. म्हणजे साधारण शंभरीच्या आत आलात तर पोट भरतं, बाहेर राहिलात तर खिसा रिकामा. शिवाय ५२ आठवड्यांनी जुने गुण गळतात. दुखापत होऊन घरी बसलात की नंबरही घसरणार.

पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे वर्षानुवर्षं घाम गाळणारी अंकिता रैना २०२०मध्ये १६०वर पोचली. जगात १६०! तरीही ती त्या शंभरीच्या बाहेरच.

आणि नंबर सगळं सांगतो असंही नाही. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुण्याच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ गमावून, ६-३, १०-४ असं. त्या सुवर्णाचे क्रमवारीत गुण किती? शून्य. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४मध्ये सानिया मिर्झाबरोबर आशियाई कांस्य जिंकली, २०१६ला रिओ ऑलिंपिकला गेली. बार्शी म्हणजे काही मुंबई नव्हे, आपल्या चिपळूणसारखंच तालुक्याचं गाव.

आमच्या सावर्ड्याजवळच डेरवणचं क्रीडासंकुल आहे. तिथल्या यूथ गेम्सला गावोगावची पोरं येतात, त्यांच्यामागे पिशव्या सांभाळत आईबापही. उद्या त्यातल्या कुणी विचारलं, "पोरीला टेनिसला घालू का?" तर मी हो म्हणेन, पण हा हिशोब समोर मांडून. शिक्षण सोडू नका, असंही सांगेन. ऋतुजा अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकता शिकता खेळली. तो रस्ता चांगला आहे.

माझं म्हणणं मात्र आपल्या सगळ्यांना आहे. पदक आलं की सरकार रोख बक्षीस जाहीर करतं, चौकात फलक लागतात. चांगलंच आहे. पण पैशाची खरी गरज असते ती पदकाच्या आधीची पाच-सहा वर्षं, जेव्हा मुलगी चारशेवी असते आणि पुढच्या स्पर्धेला जायचं की नाही हे तिकिटाच्या भावावर ठरतं. फलकाचा पैसा तेव्हा द्या. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, तशा आणखी भरवा. घराजवळ स्पर्धा असली की विमानाचा खर्च वाचतो आणि गुण तेवढेच मिळतात.

असो. एखादी टेनिसवाली भेटली तर नंबर विचारा, हरकत नाही. फक्त नंतर "अच्छा" म्हणून थांबू नका. पुढची स्पर्धा कुठे आहे आणि जायची सोय झाली का, एवढं तरी विचारा.