सुरात सूर न मिसळणारी माणसे

शाळेत सकाळी रांगेने उभे राहून राष्ट्रध्वजाला वंदन करायचे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की त्यात वाद होण्यासारखे काही असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतही ते फारसे कुणाच्या मनात येत नव्हते. पण १९३५ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मायनर्सव्हिल या कोळशाच्या खाणींच्या गावात बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ यांनी ध्वजाला सलामी द्यायचे नाकारले. वडिलांचे किराणा दुकान, कुटुंब ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाचे. देवाखेरीज कोणत्याही प्रतिमेपुढे वा चिन्हापुढे नमायचे नाही, ही त्यांची श्रद्धा. मुलांनी दंगा केला नाही की ध्वजाचा अवमान केला नाही. ती नुसती गप्प उभी राहिली. शाळेने त्यांना काढून टाकले.

एवढ्याशा गोष्टीतून अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासातले दोन गाजलेले निकाल जन्माला आले. दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, दोन्ही एकाच प्रश्नावरचे, आणि अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने एकमेकांच्या अगदी उलट. मोठ्या निकालांविषयी आपण वाचतो ते बहुधा कोण जिंकले, कोण हरले एवढ्यापुरतेच. मला मात्र या दोन निकालांच्या मधली तीन वर्षे अधिक मोलाची वाटतात.

पहिला निकाल लागला ३ जून १९४० रोजी. तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य कसेबसे माघारी नेले जात होते आणि फ्रान्स कोसळत होता. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण हवा तापलेली होती. अशा हवेत झेंड्याला सलामी न देणाऱ्या दोन पोरांची बाजू कोण घेणार? खालच्या दोन्ही न्यायालयांनी मुलांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आठ विरुद्ध एक अशा मताने फिरवला. बहुमताचा निकाल लिहिला न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया राष्ट्रीय ऐक्य हा आहे आणि ते ऐक्य कसे वाढवायचे हे शाळांच्या चालकांनी ठरवावे, न्यायालयाने नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. फ्रँकफर्टर काही कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते. व्हिएन्नात जन्मलेले हे ज्यू गृहस्थ वयाच्या बाराव्या वर्षी, म्हणजे मायनर्सव्हिलच्या त्या मुलीच्याच वयात, अमेरिकेत आले होते. ज्या देशाने आपल्याला जवळ केले, त्याच्या ध्वजावर त्यांची माया असणे स्वाभाविक होते. सज्जन माणसाच्या हातूनही चुकीचा निकाल कसा लिहिला जातो, त्याचे हे उदाहरण.

विरोधात होते एकटे न्या. हार्लन स्टोन. त्यांचा मुद्दा साधा होता. जे मुलाच्या मनात नाही ते त्याच्याकडून सक्तीने वदवून घेण्याचा अधिकार सरकारला नाही, आणि राज्यघटनेने दिलेली हमी अशा मूठभर, दुबळ्या माणसांच्याही कामी आली नाही तर तिचा उपयोग काय?

निकालानंतर जे घडले ते मात्र कुणालाच अपेक्षित नव्हते. या पंथाचे लोक देशद्रोही आहेत असे जणू न्यायालयानेच सांगितले, अशी अनेकांची समजूत झाली. आठवडाभरातच मेन राज्यातल्या केनेबंक गावी जमावाने त्यांचे प्रार्थनागृह जाळले. वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवुड गावात तर पोलीस अधिकाऱ्याच्याच पुढाकाराने त्यांच्यापैकी काहींना एरंडेल पाजून, दोराने बांधून गावातून फिरवले. कागदावरचा निकाल रस्त्यावर उतरला की त्याचे काय होते, हे न्यायमूर्तींना वर्तमानपत्रांतून दिसत होते. गंमत म्हणजे, त्या काळी अमेरिकेतली ध्वजसलामी उजवा हात पुढे ताणून दिली जाई, थेट नाझी सलामीसारखी दिसणारी. आणि तिकडे जर्मनीत हिटलरला सलामी देत नाहीत म्हणून याच पंथाच्या लोकांचा छळ चालला होता. अमेरिकेने ही पद्धत १९४२ च्या अखेरीस बदलली आणि हात छातीवर आला.

१९४२ मध्येच ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या तीन न्यायमूर्तींनी दुसऱ्या एका खटल्यात लिहून टाकले की, दोन वर्षांपूर्वीच्या बहुमतात आम्ही होतो खरे, पण तो निकाल चुकीचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने असे जाहीरपणे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. दरम्यान वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने त्या पहिल्या निकालाच्याच आधाराने सलामी सक्तीची केली होती. नकार देणाऱ्या मुलाला शाळेतून काढायचे, आणि मूल शाळेबाहेर राहिले म्हणून आईबापांना पन्नास डॉलरपर्यंत दंड आणि तीस दिवसांपर्यंत कैद. त्याविरुद्ध बार्नेट नावाचे कुटुंब आणि त्यांचे सोबती न्यायालयात गेले. दोन्ही खटल्यांत त्या साध्या माणसांची आडनावेदेखील न्यायालयाच्या दप्तरात चुकीची लिहिली गेली आणि कायद्याच्या पुस्तकांत आजही ती तशीच छापली जातात!

दुसरा निकाल आला १४ जून १९४३ रोजी. तो दिवस अमेरिकेचा ध्वजदिन. आता अमेरिका महायुद्धात पुरती उतरली होती, तिची मुले रणांगणावर मरत होती. आणि नेमक्या त्याच दिवशी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, कोणत्याही मुलाला ध्वजाला सलामी द्यायची सक्ती करता येणार नाही. निकाल लिहिणारे न्या. रॉबर्ट जॅक्सन पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता झाले. मतभेद दडपून मिळवलेले ऐक्य शेवटी स्मशानातल्या शांततेवर जाऊन थांबते, आणि कोणते मत खरे हे ठरवून ते नागरिकाच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही, हा त्यांच्या निकालाचा गाभा. फ्रँकफर्टर या वेळी अल्पमतात गेले, पण आपल्या मतावर ठाम राहिले.

आता कुणी म्हणेल, देशाचे खायचे आणि देशाच्या झेंड्यापुढे हात जोडायचे नाहीत, हा कुठला न्याय? हा प्रश्न मला परका वाटत नाही. राष्ट्रगीत सुरू झाले की मी ताठ उभा राहतो, आणि पुष्कळदा घशाशी आवंढाही येतो. पण तो आवंढा कुणाच्या हुकमाने येत नाही, म्हणून तर त्याला किंमत आहे. शेजारचा माणूस दंडाच्या भीतीने उभा आहे असे कळले तर माझ्या उभे राहण्याला मोठेपणा येत नाही, उलट त्यातले काहीतरी कमी होते. घरात मुलाला दटावून नमस्कार करायला लावता येतो. आदर मात्र त्याच्या मनात आपोआप रुजावा लागतो, हे कोणत्या आईबापांना ठाऊक नाही?

ही सातासमुद्रापलीकडची गोष्ट आपल्या दारातही येऊन गेली आहे. १९८५ साली केरळमधल्या एका शाळेने तीन भावंडांना काढून टाकले. पंथ तोच. मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. उच्च न्यायालयात ती हरली. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला सांगितले. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही, आणि शांत उभे राहणे हा अपमान नव्हे, असे ते म्हणाले. त्या निकालात अमेरिकेतल्या या दोन्ही निकालांची चर्चा आहे. मायनर्सव्हिलच्या मुलांचे गप्प उभे राहणे अर्ध्या शतकानंतर केरळातल्या मुलांच्या उपयोगी पडले. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये ती सक्ती मागे घेतली. हा वाद सुटला असे वाटते तेव्हा तो नव्याने दारात उभा असतो.

सगळ्याच चुका तीन वर्षांत दुरुस्त होतात असा भाबडा समज मात्र कुणी करून घेऊ नये. काळ्या-गोऱ्यांसाठी वेगळे डबे चालतील, असे अमेरिकेच्या न्यायालयाने १८९६ मध्ये म्हटले. तेव्हा एकट्या न्या. जॉन हार्लन यांनी विरोध नोंदवला. शाळांतली वेगळी पंगत घटनाबाह्य ठरायला १९५४ साल उजाडले. मधली अठ्ठावन्न वर्षे म्हणजे किती पिढ्यांची शाळा! आपल्याकडे आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, अटकेतल्या माणसाला न्यायालयाचे दारही बंद असल्याचा निकाल चार विरुद्ध एक असा लागला. एकटे होते न्या. हंसराज खन्ना. चौघांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल २०१७ मध्ये रद्द ठरवताना प्रमुख निकालपत्र लिहिले ते त्यांच्याच चिरंजीवांनी, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली.

आणि शहाणपण एकदा आले की ते कायमचे मुक्कामाला राहते, असेही नाही. ध्वजसलामीच्या निकालानंतर दीडच वर्षात, डिसेंबर १९४४ मध्ये, त्याच अमेरिकी न्यायालयाने जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून हुसकावणारा लष्करी हुकूम उचलून धरला. या मोहिमेत सुमारे १ लाख २० हजार लोक छावण्यांत कोंडले गेले, त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक. तो निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी, ज्यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली होती त्यांनीच. आणि १९४० मध्ये एकटे उभे राहिलेले स्टोन या वेळी बहुमतात होते. जॅक्सन मात्र विरोधात राहिले, आणि ध्वजसलामीच्या वेळी मुलांविरुद्ध मत देणारे न्या. ओवेन रॉबर्ट्सही.

म्हणूनच अमुक न्यायमूर्ती थोर आणि तमुक खुजे, अशी वाटणी मला पटत नाही. एकटेपणाचे धैर्य हे काही कुणाचे कायमचे वतन नसते. आज ते एकाकडे असते, उद्या दुसऱ्याकडे. व्यवस्थेने करायचे ते एवढेच, की त्या त्या वेळी जो एकटा असेल त्याचे म्हणणे नोंदले जाईल, त्याचे तोंड बंद केले जाणार नाही. न्यायालयात अल्पमताचा निकाल बहुमताच्या निकालासोबतच छापला जातो. त्या दिवशी त्याला काडीची किंमत नसते. पण तो दप्तरात राहतो आणि चूक दुरुस्त करायची वेळ आली की वाट दाखवायला तोच सापडतो.

वर्गातही तसेच आहे. सगळी मुले एका सुरात गात असताना एखादे मूल गप्प उभे असते. त्याचे कारण आपल्याला पटेलच असे नाही. मलाही त्या पंथाचे म्हणणे पटत नाही. पण मुलांची शाळा त्यामुळे सुटता कामा नये, एवढे नक्की पटते. ज्याचे वागणे आपल्याला आवडते त्याला हक्क द्यायला राज्यघटना लागत नाही, ते काम शेजारधर्मावरही भागते. राज्यघटना लागते ती ज्याच्या वागण्याने आपल्या कपाळावर आठी पडते, त्याच्यासाठी.