आसनाचे इंच कोणी ठरवायचे?

फ्रँकफुर्टच्या जिल्हा न्यायालयाने १९८५ मध्ये एक तक्ता तयार केला. पर्यटन कंपनीने कबूल केलेली सोय दिली नाही, तर ग्राहकाला सहलीच्या रकमेतले किती टक्के परत मिळावेत, याचा तो अंदाज. खोलीत किडे निघाले, समुद्र दिसेल असे सांगून समुद्र दिसला नाही, अशा प्रत्येक गाऱ्हाण्यापुढे एक आकडा आहे. तो कोणावर बंधनकारक नाही. तरीही जर्मनीतले वकील आणि न्यायाधीश आजही त्याचा आधार घेतात. विमानप्रवासासाठीही त्यात काही ओळी आहेत. खालच्या वर्गात बसवले तर १० ते १५ टक्के, खाणेपिणे दिले नाही तर ५ टक्के, त्या वर्गात नेहमी असणारी करमणूक नसेल तर ५ टक्के. आणि विमानातली सोय नेहमीच्या दर्जापेक्षा बरीच कमी निघाली तर ५ ते १० टक्के.

दाटीवाटीच्या आसनांचा प्रश्न या शेवटच्या ओळीपाशी येऊन अडतो. नेहमीचा दर्जा म्हणजे सगळे जे देतात ते. एकाच कंपनीने गुडघ्यापुढची जागा कमी केली तर ग्राहकाला तक्रार करता येते. सगळ्यांनीच ती थोडी थोडी कमी केली, तर कमी झालेली जागा हाच दर्जा होतो आणि तक्रारीला टेकायला काही उरत नाही. ग्राहकहक्कांबाबत इतका काटेकोर असलेला देशही इथे प्रवाशाच्या फारसा उपयोगी पडत नाही, कारण मोजायला पट्टीच नाही. ती सरकारी नियमाने ठरवून द्यायला हवी, असे आमचे मत आहे.

एका आसनावरील एका ठिकाणापासून पुढच्या आसनावरील त्याच ठिकाणापर्यंतचे अंतर म्हणजे 'पिच'. १९५८ मध्ये अटलांटिकवरच्या उड्डाणांत इकॉनॉमी वर्ग सुरू झाला, तेव्हा विमान कंपन्यांच्या 'आयाटा' या संघटनेने भाडे आणि जेवण यांच्याबरोबर हे अंतरही ठरवून दिले होते: ३४ इंच. आज लांबच्या उड्डाणांत ३१-३२ इंच सर्रास आढळतात आणि युरोपातल्या स्वस्त विमानांत २८ ते ३०. रुंदीचे तेच. बोइंग ७७७ च्या इकॉनॉमीत सुरुवातीला बहुतेक कंपन्या एका ओळीत नऊ आसने बसवत. आता त्याच विमानात दहा असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १७ इंच येतात. ७८७ आखले गेले ते आठांच्या ओळीसाठी. बहुतेक कंपन्यांनी घेतले नऊंच्या ओळीचे.

हा बदल घडवण्यात जर्मन कारागिरीचा वाटा मोठा आहे. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यातल्या श्वेबिश हाल या गावी रेकारो कंपनी विमानांची आसने बनवते. लुफ्तहान्साने २०१०-११ च्या सुमारास युरोपातल्या विमानांत रेकारोची पातळ पाठीची, हलकी आसने बसवली. मासिके ठेवायचा खिसा गुडघ्याजवळून वर, डोळ्यांसमोर गेला. पाठ पातळ झाल्याने रांगा जवळ आणूनही गुडघ्यांना पूर्वीइतकीच किंवा थोडी जास्त जागा मिळते, असे कंपनीचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. अभियांत्रिकीने खरोखर काही इंच मोकळे केले. पण एअरबस ए-३२० मध्ये १५६ ऐवजी १६८ आसने बसली, म्हणजे त्या इंचांतून दोन जादा रांगा तयार झाल्या. वाचलेली जागा प्रवाशाला द्यायची की विकायची, हा निर्णय अभियंत्याच्या टेबलावर होत नाही. बसणाऱ्याला तर त्याविषयी कोणी विचारतही नाही.

एक पोटप्रश्न इथेच निकालात काढू. पुढच्याने पाठ मागे केली म्हणून होणारी भांडणे ही प्रवाशांच्या असभ्यपणाची लक्षणे मानली जातात. २०१४ मध्ये अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेले विमान अशाच भांडणापायी शिकागोला उतरवावे लागले; मागच्या प्रवाशाने पुढची पाठ अडवणारे छोटे साधन लावले होते. पण पुढच्याला पाठ मागे नेण्यासाठी आणि मागच्याला गुडघ्यांसाठी तीच चार इंच जागा विकलेली असते. दोघेही आपल्या हक्काचेच मागत असतात.

पट्टी नाही म्हणजे नक्की काय नाही, हे नीट पाहायला हवे. युरोपातल्या विमानांची सुरक्षामानके ठरवणारी संस्था, 'ईआसा', जर्मनीतच, कोलोनला आहे. तिच्या नियमांत दोन बाजूंच्या आसनांमधली वाट किती रुंद हवी हे लिहिले आहे: वीस किंवा अधिक आसनांच्या विमानात जमिनीलगत १५ इंच आणि जमिनीपासून २५ इंचांच्या वर २० इंच. अपघाताच्या धक्क्यात आसनाने किती भार सोसावा तेही लिहिले आहे. माणसाच्या पोटऱ्यांना आणि गुडघ्यांना किती जागा हवी, हे मात्र लिहिलेले नाही. प्रवाशांना भरपाई देणारा युरोपीय संघाचा २००४ चा प्रसिद्ध नियम उशीर, रद्द उड्डाण, प्रवेशनकार आणि खालच्या वर्गात बसवणे यांच्यापुरता आहे. जर्मनीतच कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या टेबलापाशी हालचालीसाठी किमान दीड चौरस मीटर मोकळी जमीन असावी, असे कामगार सुरक्षेचे मानक सांगते. १७ इंच रुंदी आणि ३१ इंच पिच यांचा गुणाकार सुमारे ०.३४ चौरस मीटर होतो. कचेरी वर्षभराची आणि विमान एका रात्रीचे, त्यामुळे दोन्ही आकडे सारखे असावेत असे कोणी म्हणणार नाही. पण एकीकडे आकडा आहे आणि दुसरीकडे आकडाच नाही, हा फरक समजण्यासारखा नाही.

नियामकांचे उत्तर असे की, सुरक्षा अंतराने मोजायची नसते, परिणामाने मोजायची असते. निम्मे दरवाजे बंद असताना ९० सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत, ही ती कसोटी. या कसोटीचा सर्वांत मोठा प्रयोग जर्मनीत झाला. २६ मार्च २००६ रोजी हॅम्बुर्गच्या एअरबस कारखान्यात, अंधारलेल्या हँगरमध्ये, ए-३८० मधून ८५३ स्वयंसेवक आणि २० कर्मचारी ७८ सेकंदांत बाहेर पडले. सोळांपैकी आठच दरवाजे उघडले होते, आणि कोणते उघडणार हे आत कोणालाच माहीत नव्हते. एकाचा पाय मोडला, इतर काही जणांना किरकोळ इजा झाल्या. तंत्रज्ञानाचा हा मोठाच पराक्रम होता आणि त्याबद्दल आदरच वाटतो.

पण ते स्वयंसेवक आपण प्रयोगासाठी आलो आहोत हे जाणून आले होते. अशा चाचणीत वय आणि लिंग यांचे प्रमाण ठरलेले असते. लहान मुले नसतात, तान्ह्या बाळांच्या जागी बाहुल्या असतात, चालता न येणारे प्रवासी नसतात. अमेरिकेत २०१९-२० मध्ये आसनांतले अंतर आणि बाहेर पडण्याचा वेग यांचा संबंध तपासायला ओक्लाहोमा सिटीला चाचण्या झाल्या. त्यांतही १८ ते ६० वयाची धडधाकट माणसेच होती, आणि एवढ्यावरून शेवटचा निष्कर्ष काढता येणार नाही हे अमेरिकेच्या विमान खात्यानेही मान्य केले. मुंबई-फ्रँकफुर्ट विमानात बसणारी माणसे आठवून पाहा: व्हीलचेअरवरून दारापर्यंत आणलेल्या आजी, मधुमेही आजोबा, मांडीवर झोपलेले पोर. ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमहून निघालेले विमान दुबईत धावपट्टीवर आदळून पेटले, तेव्हा विमानातले सगळे ३०० जण वाचले. पण जळत्या विमानात लोक वरच्या कप्प्यांतून बॅगा काढत होते, हे चित्रफितीत सगळ्यांनी पाहिले. चाचणीत असले काही होत नाही.

नियम करताच येत नाही, असेही नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये मँचेस्टरच्या धावपट्टीवर पेटलेल्या विमानात ५५ जण दगावले. त्यानंतर ब्रिटनच्या विमान खात्याने १९८९ मध्ये पाठीच्या गादीपासून पुढच्या आसनाच्या मागच्या बाजूपर्यंत किमान २६ इंच असलेच पाहिजेत, असा नियम केला. ही मोजणी पिचपेक्षा शहाणपणाची आहे, कारण ती माणसाच्या वाट्याला आलेली जागा मोजते. पाठ जाड असो की पातळ. अमेरिकेच्या संसदेनेही २०१८ मध्ये किमान मापे ठरवण्याचा हुकूम दिला, मात्र विमान खात्याला दिलेली वर्षाची मुदत उलटून गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयानेही त्याला सक्ती करण्यास नकार दिला.

आता प्रकृतीचा प्रश्न, आणि तो आमच्या वाचकांच्या घरातला आहे. पुणे-पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या जर्मन कारखान्यांमुळे आणि संगणक कंपन्यांमुळे फ्रँकफुर्ट, म्युनिक, स्टुटगार्ट इथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. लुफ्तहान्साने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफुर्ट थेट विमान सुरू केले, तेव्हा सुरुवातीला त्यात फक्त बिझनेस क्लासची आसने होती. जाणाऱ्याचे भाडे कंपनी भरणार, हे त्यामागचे गणित. पण मुलीच्या बाळंतपणाला जाणारी आई त्या गणितात नव्हती. ती मुंबईहून जाते, इकॉनॉमीत, सामानात डिंकाचे लाडू आणि खारीक-खोबरे घेऊन. आठ-नऊ तास बसून.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाच्या निष्कर्षानुसार चार तासांहून अधिक प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. गाडी, बस, रेल्वे, विमान, सगळीकडे तेच. दोष मुख्यतः न हलता बसण्याचा. धोका लहानच आहे, निरोगी माणसात सहा हजारांत एक. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ज्यांना तो अधिक असतो त्यांत दोन टोकांची माणसे आहेत: १९० सेंटिमीटरहून उंच आणि १६० हून बुटकी. उंचांचे गुडघे अडकतात हे सगळ्यांना कळते. बुटक्या माणसाचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि आसनाची कड गुडघ्यामागे दाबत राहते, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. १६० सेंटिमीटर म्हणजे सव्वापाच फूट. आपल्या बहुतेक आया आणि आज्या याहून बुटक्या आहेत. त्यांच्यासाठी अरुंद जागा आणखी एका वाटेने घातक ठरते: बाजूच्या दोघांना उठवल्याशिवाय बाहेर येता येत नाही, आणि परक्या माणसाला झोपेतून उठवण्याचा संकोच एवढा की त्या पाणीच कमी पितात. उठणे टाळले की पायही हलत नाहीत.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे हलके नाही. आसने वाढली म्हणून भाडी उतरली, आणि भाडी उतरली म्हणूनच निवृत्तिवेतनावर जगणारी जोडपी नातवंडांना भेटायला जाऊ लागली. १९५८ ची ३४ इंच जागा मूठभरांची होती. शिवाय एका विमानात अधिक माणसे बसली की माणशी इंधन कमी जळते. हे खरे आहे, म्हणूनच आम्ही जुन्या मापांकडे परत जा असे म्हणत नाही. आज बऱ्यापैकी कंपन्या जे देतात त्याच्या खाली कोणी जाऊ नये, एवढेच मागणे आहे. अशा मर्यादेने आजची भाडी फारशी वाढणार नाहीत.

ती मर्यादा बाजारावर किंवा उत्पादकांवर सोडता येत नाही, याचा पुरावाही आहे. एअरबसने २०१३ मध्ये लांबच्या उड्डाणांसाठी १८ इंच रुंदी हे जागतिक मानक व्हावे असा आग्रह धरला. त्यात बोइंगशी असलेली स्पर्धा होती, तरी मागणी रास्त होती. दोनच वर्षांनी तीच कंपनी ए-३८० मध्ये ओळीला अकरा आसनांची योजना ग्राहकांपुढे ठेवत होती.

ग्राहकालाही निवड करता येत नाही, कारण काय विकत घेतो ते त्याला सांगितलेच जात नाही. तिकिटावर सामानाचे किलो असतात, जेवणाचा प्रकार असतो, तारीख बदलण्याचा दंड असतो, इंच नसतात. ज्यांना जास्त जागा हवी त्यांच्यासाठी २०१४ पासून लुफ्तहान्साने ३८ इंचांचा प्रीमियम इकॉनॉमी वर्ग आणला आहे, म्हणजे जिथे इंच विकायचे असतात तिथे ते मोजून सांगता येतात. मग तेच खालच्या वर्गालाही लागू करावे: पाठीपासून पुढच्या आसनापर्यंतची जागा आणि दोन हातांमधली रुंदी, पैसे भरण्याआधी, भाड्याच्या शेजारी. ऐन वेळी विमान बदलून त्याहून कमी जागा मिळाली तर फरक परत मिळावा. मग फ्रँकफुर्टच्या तक्त्यातल्या त्या ओळीलाही मोजायला आकडा मिळेल. किमान माप ठरवण्याचे काम कोलोनने हाती घ्यावे, आणि दिल्लीतल्या आपल्या नागरी विमान महासंचालनालयाने त्याची वाट न पाहता भारतातून लांब उडणाऱ्या विमानांपासून सुरुवात करावी. चाचण्या पुन्हा घ्यायच्या झाल्या तर त्यांत साठीच्या पुढची माणसे, सव्वापाच फुटांखालच्या बायका आणि काठी घेऊन चालणारे बसवावेत. या विमानांतून रोज तेच प्रवास करतात.