बदाम राणीला कोणी विचारलं?

'बदाम सात' खेळताना बदाम राणीकडे कधी नीट बघितलंय? गळ्यापर्यंत कपडे, हातात फूल आणि चेहरा एकदम गंभीर. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकांत निघालेल्या पिन-अप कॅटमध्ये मात्र पानोपानी बायकाच. वाऱ्याने उडालेला स्कर्ट, तोकडे कपडे आणि 'अय्या!' म्हणणारा चेहरा. भिंतीला टाचायचं चित्र म्हणून पिन-अप. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या बराकीत ही चित्रं भरपूर दिसायची. गिल एल्व्हग्रेन, अल्बेर्तो व्हर्गास ही त्यातली मोठी नावं.

आज हे जुने कॅट हौशी लोक जमवतात आणि ते ऑनलाइन विकले जातात. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या आपल्या चुडाव्यात बसूनही मागवता येतील. प्रश्न एवढाच, की ते कस्टममधून सुटतील का?

हसू नका, हा खरा प्रश्न आहे. अश्लील पुस्तकं, रेखाचित्रं, चित्रं देशात आणायला बंदी घालणारी कस्टमची १९६४ ची अधिसूचना आजही लागू आहे. तिच्याच आधारे २०२३ मध्ये मुंबईत एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं अडवली गेली. पुढे ती जप्त झाली, वर ५० हजारांचा दंड. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की नग्न म्हणजे अश्लील असं सरसकट धरता येत नाही. याच पदमसींवर १९५४ मध्ये मुंबईतल्या प्रदर्शनातल्या चित्रावरून अश्लीलतेचा खटला झाला होता. तेव्हाही ते सुटले होते. म्हणजे सत्तर वर्षं आपण त्याच प्रश्नाभोवती फिरतोय: कपडे किती?

'ही पाश्चात्त्यांची थेरं' म्हणून हात झटकता येणार नाहीत. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांनी रंगवलेल्या सुंदर स्त्रियांची मुखपृष्ठं मराठी घरांत कौतुकाने बघितली गेली. 'आवाज' दिवाळी अंकातली खिडकी चित्रं आठवतात? खिडकीतून दिसतं भलतंच आणि पान उलटलं की निघतं साधंच. आजोबांना विचारून बघा, गालात हसतील.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. अश्लीलतेचा कायदा बघणाऱ्यावर काय परिणाम होईल ते तपासतो. चित्रातल्या बाईने होकार दिला होता का, हे तो विचारत नाही.

पिन-अपच्या जगातच एक उत्तर सापडतं. झोई मोझर्ट नावाची चित्रकार पिन-अप काढायची आणि अनेकदा आरशासमोर स्वतःच मॉडेल म्हणून उभी राहायची. कसं उभं राहायचं, काय दाखवायचं, हे तीच ठरवणार. ते चित्र तुम्हाला आवडो न आवडो, त्यात तिच्यावर जबरदस्ती नव्हती.

आता हातातल्या मोबाइलकडे बघा. कॉलेजच्या ग्रुपवरचा एखाद्या मुलीचा साधा फोटो एआय अॅपमध्ये टाकला, की तिचं 'पिन-अप' तयार. ना चित्रकार लागतो, ना मॉडेल, ना होकार. आयटी कायद्याच्या कलम ६६ई मध्ये संमतीचा उल्लेख आहे, पण ते २००८ च्या दुरुस्तीत खऱ्या फोटोंचा विचार करून आलेलं कलम. चेहरा खरा आणि शरीर बनावट, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात असणार? अशा प्रकाराला इतर कलमं लावता येतात, पण त्यातही अश्लीलतेचंच कलम पुढे येतं. म्हणजे पुन्हा मोजमाप कपड्यांचं.

लहान गावात याची किंमत जास्त मोजावी लागते. फोटो खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत मुलीचा मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज बंद होतं, स्थळं बघायला सुरुवात होते. फोटो बनवणारा मात्र पारावर पत्ते पिसत बसतो.

म्हणून जुन्या कॅटवर बंदी हवी की नको, या वादात मला फार दम वाटत नाही. संमतीशिवाय बनवलेलं चित्र हाच स्वतंत्र गुन्हा, असं कायद्यात स्पष्ट यायला हवं. मग त्यात कपडे असोत वा नसोत. तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. असं काही ग्रुपवर आलं तर पुढे ढकलायचं नाही आणि जिचा फोटो आहे तिला तक्रार करायला साथ द्यायची. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते.