चेहरा नसलेली माणसे

संध्याकाळी मुरबे गावच्या किनाऱ्यावर उभे राहावे. होड्या परतत असतात. अंतर इतके असते की कोणाचाही चेहरा दिसत नाही. तरीही वाट पाहणारी एखादी बाई सांगून मोकळी होते, "आज काय गावलं नाय!" तिला हे कसे कळते? मासळी मिळालेला माणूस पाण्यात उडी टाकतो. रिकाम्या हाताने आलेला होडीचा काठ धरून, एकेक पाय सावकाश टाकीत उतरतो. खांदे पडलेले असतात. बातमी आधी शरीर सांगते, तोंड मागाहून.

ॲनिमेशनची आवड असणाऱ्या आपल्या विद्यार्थिमित्रांना हीच गोष्ट सांगावीशी वाटते. पात्र काढायला बसले की आपण प्रथम डोळे मोठे करतो, भुवया वाकवतो, ओठ हलवतो. मान, कणा, कंबर आणि पाय मात्र लाकडासारखे! मग पात्र बोलते खूप, पण त्याचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

डिस्नेच्या चित्रशाळेत नवशिक्यांना पिठाची अर्धी भरलेली गोणी काढायला देत. तिला ना डोळे ना तोंड. केवळ वाकणे, फुगणे, ढिले पडणे यांतून तिचा आनंद वा खिन्नता दाखवायची. त्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स 1956 साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

पण एवढ्या लांब कशाला जायचे? आपल्या जिल्ह्यातील वारली चित्रे पाहा. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, आणि वर्तुळ म्हणजे डोके. नाक-डोळे नाहीतच. तरी तारप्याभोवती नाचणारा कोण आणि ओझ्याने वाकलेला कोण, हे मुलालाही कळते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ती अशाच बिनचेहऱ्याच्या माणसांमुळे.

कोणी म्हणेल, डोळे हा तर मनाचा आरसा! मान्य. पण नाट्यशास्त्राने आंगिक अभिनयाचे तीन प्रकार सांगितले : शारीर, मुखज आणि चेष्टाकृत. मुख हा त्यांतला एक. शिवाय ॲनिमेशनमध्ये वेळेचाही अभिनय असतो. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. मान वळवण्याची क्रिया सहा चौकटींत उरकली तर माणूस दचकला. तीच तीस चौकटींत रेंगाळली तर त्याला वळायचेच नव्हते. चेहरा दोन्हीकडे तोच असू शकतो.

आज संगणकात तयार हालचाली मिळतात. चालणे, धावणे, रडणे, सारे आयते. सोय मोठी आहे, हे नाकारू नये. पण त्यात डोक्यावर मासळीची पाटी घेऊन, मान स्थिर ठेवून, कमरेतून झपाझप चालणारी आपली आई सापडेल काय? आपण तिला नीट पाहून ठेवले नाही, तर उद्याच्या चित्रपटात ती लुगडे नेसेल, आपली बोली बोलेल, आणि चालेल मात्र परक्यासारखी. ही चूक चित्राची नसेल. आपल्या पाहण्याची असेल.

म्हणून माझे नम्र मत असे की, अभ्यासाची पहिली वही एस. टी. स्टँडवर, बाजारात, बंदरावर उघडावी. आणि पहिली शंभर चित्रे चेहऱ्याविना काढावीत.