चौदाव्या दिवसापासून पुढे



कुणाच्या घरी मृत्यू झाला की अमेरिकेतली आपली मंडळी धावून जातात, याबद्दल वाद नाही. ई-मेलवर यादी फिरते, तेरा दिवस डबे पोहोचतात. फ्युनरल होमशी कोण बोलणार, भारतातून येणाऱ्या भावाला विमानतळावरून कोण आणणार, सगळं ठरतं. माझा मुद्दा चौदाव्या दिवसापासूनचा आहे.

नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामुळे एच-४वर इथे आलेल्या बाईचा विचार करा. तो गेला की तिचा इथे राहण्याचा कायदेशीर आधारही जातो. तेव्हा तिला वरणभाताइतकाच इमिग्रेशनचा वकील हवा असतो, आणि तोही त्याच आठवड्यात. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रमाणित प्रती लागतात; बँक, विमा कंपनी, ४०१(के), प्रत्येकाचं टेबल वेगळं. सोशल सिक्युरिटी म्हणजे म्हातारपणची पेन्शन, असा आपल्यात सर्रास समज आहे. प्रत्यक्षात, नवऱ्याने मृत्यूपूर्वीच्या ३ वर्षांत दीड वर्ष जरी काम करून हा कर भरला असेल, तरी लहान मुलांना आणि १६ वर्षांखालचं मूल सांभाळणाऱ्या त्यांच्या आईला दरमहा रक्कम मिळू शकते. पण अर्ज करावा लागतो, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला फॉर्म दिसत नाहीत. ते दुसऱ्याने शेजारी बसून भरायचे असतात.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड. जानेवारीत हळदीकुंकवाची आमंत्रणं निघतात तेव्हा तिचं नाव गळतं. का, तर "तिलाच वाईट वाटेल." तिला विचारलं कुणी? (विधुराला संक्रांतीच्या पॉटलकला बोलवावं की नाही, हा प्रश्न कुणाला पडल्याचं मी ऐकलेलं नाही.) कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. एम.एस., पीएच.डी. झालेल्या आपल्या मंडळांत असा ठराव कधी यायचा?

तोवर निदान एवढं करू या. प्रत्येक मंडळाने अशा घरासाठी दोन माणसं वर्षभरासाठी नेमावीत, एक कागदपत्रांना आणि एक नुसतं फोन करायला. आणि जानेवारीचं आमंत्रण तिलाही जावं. यायचं की नाही ते तिचं ती बघेल.