दंडावरच्या गोंदणाने जवान नापास का व्हावा?

सैन्यभरतीत गोंदणाला सरसकट बंदी आहे, हा समज चुकीचा आहे. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूवर असलेलं गोंदण भारतीय लष्कराला चालतं, इतरत्र असेल तर उमेदवार बाद होतो. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची अट याहून कडक आहे. तिथे हातही डावाच लागतो, कारण सलाम उजव्या हाताने करतात, आणि गोंदण त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान असावं लागतं. आता गणवेशातला जवान डोळ्यांसमोर आणा. बाह्या दुमडल्यावर जे दिसतं त्याला परवानगी आणि सदऱ्याखाली कायम झाकलेल्या दंडाला, छातीला, पाठीला मनाई. नियम रुबाबासाठी असेल तर तो उलटाच लावलेला आहे.

यावर आरोग्याचं कारण पुढे केलं जातं. दूषित सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरतात, हे खरंच आहे. पण ती सुई दंडावर जितकी घातक तितकीच मनगटावरही. आपल्याकडे गोंदवून १२ महिने झाल्यावर रक्तदान करता येतं. ज्याचं रक्त जखमी जवानाला चढवता येतं, त्याने स्वतः जवान व्हायला हरकत कोणती? शंका असेल तर रक्त तपासावं. कातडीवरची जागा मोजून विषाणू सापडत नाही.

‘नियम ठाऊक असताना गोंदवायचंच कशाला?’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. अठराव्या वर्षी हौसेने टॅटू काढणाऱ्याला तो लागूही पडतो. पण महाराष्ट्रात गोंदण लहानपणी, जत्रेत, थोरांच्या मांडीवर बसून होत आलं आहे. मुलींच्या कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके गोंदले जात. २०१९ पासून लष्करी पोलिसांत महिला जवानांची भरती सुरू झाली. कळत्या वयाआधी कुणी गोंदलेल्या ठिपक्याचा जाब त्या मुलीने का द्यावा? प्रथेनुसार गोंदणाऱ्या जमातींना सूट आहे, पण ती सरकारी यादीवर चालते. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे परंपरा एक, गोंदण एक, पण राज्याची सीमा ओलांडली की सुटीचा आधार गेला. उरतो तो लेझरचा मार्ग. त्याला पैसे लागतात, अनेक फेऱ्या लागतात आणि एवढं करून व्रण राहू शकतो. उजव्या हातावरच्या ॐमुळे औद्योगिक सुरक्षा दलाने नाकारलेल्या सोलापूरच्या तरुणाला २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जाऊन दिलासा मिळवावा लागला. कोर्टाची पायरी चढणं प्रत्येक गरीब उमेदवाराला जमणार आहे का?

गोंदणावर बंधनच नको, असं मुळीच म्हणणं नाही. द्वेष पसरवणारं, अश्लील किंवा टोळीची खूण असलेलं गोंदण कुठेही असलं तरी उमेदवार बाद व्हावा, आणि ओळख लपवावी लागते अशा कामगिरीसाठी वेगळी, कडक अट जरूर असावी. अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये हाताच्या पंजावर एक इंचापर्यंतच्या आणि मानेच्या मागे दोन इंचांपर्यंतच्या टॅटूला मुभा दिली, पण वंशद्वेषी आणि अश्लील मजकुरावरची बंदी तशीच ठेवली. अशाने शिस्त ढासळेल म्हणणाऱ्यांनी आपलाच नियम पाहावा: मनगटावर देवाचं नाव गोंदलेले जवान आजही लष्करात आहेत, आणि त्यांच्या शिस्तीबद्दल कुणी तक्रार करत नाही. तेच नाव कोपराच्या वर, दंडावर असलेल्या मुलालाही भरतीच्या मैदानात तीच वागणूक मिळाली पाहिजे.